सुताराचा नकार

१

सुतारआजोबांनी अन्न सोडलं ही बातमी वृद्धाश्रमात आता शिळी झाली होती. आधी सगळे हळहळले, मग हळहळण्याचाही कंटाळा आला, आणि गेल्या आठवड्यात कोणीतरी जेवणाच्या हॉलमधली त्यांची खुर्ची उचलून तिथे पाण्याचं पिंप ठेवलं. माणूस वरच्या मजल्यावर अजून श्वास घेत होता, आणि खाली त्याची जागा भरूनही निघाली होती.

ते पिंप पाहिलं आणि तक्रारबाईंचं डोकं फिरलं.

वृद्धाश्रमांतून, दवाखान्यांतून फिरायचं, तिथल्या माणसांच्या तक्रारी ऐकायच्या आणि कोणाचा हक्क डावलला जातोय असं दिसलं तर वरपर्यंत भांडायचं, हे सरकारने त्यांना नेमून दिलेलं काम. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याचा पगार घेणारी मी एकटीच, असं त्या स्वतःच सांगत. प्रत्येक खाटेपाशी थांबून त्या "काही तक्रार?" म्हणून विचारत, आणि बहुतेकांकडून "छे छे, काही नाही" असं उत्तर घेऊन पुढे जात. त्या उत्तरावर त्यांचा कधी विश्वास बसला नव्हता. पण विचारण्याखेरीज करणार काय?

आज तक्रार घेऊन आली होती ती सुतारआजोबांची मुलगी. दारातच उभी होती, रहिवाशांच्या हक्कांच्या फलकाखाली. हा फलक आश्रमाने इतका उंच टांगला होता की वाकलेल्या मानेच्या माणसाला तो दिसण्याची सोय नव्हती.

"बाई, संध्याकाळी डॉक्टर येणारेत. मला हो की नाही ते सांगायचंय," ती म्हणाली. "हो म्हटलं तर बाबांच्या नाकातून पोटात नळी घालणार. बाबा ती उपटतील म्हणून हात खाटेला बांधणार. नाही म्हटलं तर नुसतं पाणी द्यायचं आणि शेवटाची वाट बघायची."

"तुमचं मन काय सांगतं?"

"माझ्या मनाला कोण विचारतंय? त्यांच्या मनात काय आहे ते कळत नाही, हीच तर बोंब आहे. झटका आल्यापासून बोलणं गेलं. आपलं बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचतं की नाही तेही समजत नाही. इथल्या मॅडम म्हणतात, ते तोंड मिटून घेतात, म्हणजे त्यांचा नकार आहे, आणि नकार देणं हा त्यांचा हक्क आहे. बरोबरच आहे हो. पण माझे बाबा... आई गेली त्या दिवशीसुद्धा ते जेवले होते. रडत होते आणि जेवत होते. म्हणाले, उपाशी हाताने रंधा नीट चालत नाही, आणि उद्या लोकांचं काम द्यायचंय."



"त्यांना खरंच जायचं असेल तर मी आड येणार नाही. पण खरंच जायचंय का, तेवढं मला संध्याकाळच्या आत कोणीतरी सांगा."

दोघी वर गेल्या. खोलीत दोन खाटा, मध्ये एक टेबल, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. खिडकीजवळच्या खाटेवर सुतारआजोबा पडले होते. हाडापेराने दणकट माणूस, पण गाल आत गेलेले. उजवा हात निर्जीव. डावा मात्र चादरीवर मागेपुढे, मागेपुढे चालला होता. लाकडावर रंधा मारावा तसा.

"दिवसभर हेच," मुलगी म्हणाली. "दुकानातच आहेत अजून."

बाईंनी उशी सारखी करायला उचलली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. उशीखाली चुरा होता. पावाचा, भिजून पुन्हा वाळलेला.

अन्न सोडलेल्या माणसाच्या उशीखाली पाव आला कुठून?

२

"अशक्य!" मॅडम म्हणाल्या. आश्रमाच्या व्यवस्थापिका म्हणजे टापटिपीची बाई. टेबलावरची पेन्सिलसुद्धा काठाला समांतर. "आमची माणसं रोज दोन्ही वेळा ताट घेऊन जातात आणि भरलं ताट परत आणतात. मी स्वतः उभं राहून पाहिलंय. घास तोंडाशी न्यायच्या आधीच ते ओठ आवळतात. जबरदस्ती करून भरवू का? मग तुम्हीच माझ्यावर धावून याल."

यात खोटं काही नव्हतं. जबरदस्तीने भरवणाऱ्या दोन आश्रमांना बाईंनी मागे चांगलंच धारेवर धरलं होतं.

"केव्हापासून चाललंय हे?"

"मोठे पाहुणे येऊन गेले ना, तेव्हापासून. त्या दिवशी बऱ्याच जणांचे नातेवाईक आले होते. यांच्याकडचं कोणी आलं नाही." मॅडमनी आवाज खाली आणला, पण मुलगी दारातच उभी होती आणि तिने ऐकायचं ते ऐकलं. "मन मोडलं असेल. या वयात तेवढं पुरतं."

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. त्या दिवशी तिची कामावरची पाळी होती. बदलून मिळाली नव्हती.

बाईंनी मावशींना गाठलं ते धुण्याच्या खोलीत. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांचं उठवणं, बसवणं, भरवणं या एकट्या मावशींच्या अंगावर. हाताला उसंत नाही. अशी माणसं वेळ वाचवायला काय काय करतात ते बाईंना ठाऊक होतं. भरवायला वेळ लागणारा माणूस जेवत नाही म्हणून सांगितलं की सुटका होते.

"मावशी, खरं सांगा. तुम्ही त्यांना भरवायला जाता तरी का?"

मावशींनी पिळलेला टॉवेल पुन्हा बादलीत टाकला. "जाते का म्हणजे? आधी वाटी नेते, त्यांची कवळी बसवते, मग ताट आणते. तासभर बसले तरी उपयोग नाही. कवळीसुद्धा काढून फेकतात. मी धरून बसवली की डोळ्यांतून पाणी काढतात. माझं बोट धरतात आणि खाटेच्या काठावरून फिरवतात. लहान मुलागत. मी म्हणते, हो आजोबा, छान झालंय कपाट." त्या जराशा हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरले. "माझा बाप असता तर मी काय केलं असतं, तेच करते मी. याहून जास्त काय करू?"

"मग उशीखाली पाव कोणी ठेवला?"

मावशी दचकल्या. ते नाटक नव्हतं.

"पाव? मी नाही. देवाशप्पथ नाही. पण बाई, दुपारी मी सगळ्यांच्या कवळ्या धुवायला आणते ना, तेव्हा त्या खोलीचं दार आतून लावलेलं असतं. मला वाटायचं झोपत असतील."

सुतारआजोबांना तर खाटेवरून उठता येत नव्हतं. मग कडी लावणारं दुसरं माणूस एकच होतं.

३

दुसऱ्या खाटेवरचे कंडक्टरकाका व्हरांड्यात सफरचंद खात बसले होते. सगळा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेला, आणि अजूनही माणूस दारातून आत आला की "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणून ओरडायचे. आश्रमातली निम्मी करमणूक त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर होती.

"या, या तक्रारबाई! सुटे आहेत का?" त्यांनी सफरचंदाचा कचकन लचका तोडला. "काही तक्रार नाही. सगळं कसं सुरळीत."

बाई समोर बसल्या. या माणसाशी गप्पा मारायला त्यांना एरवी फार आवडायचं. आज मात्र त्यांच्या बोलण्यात काहीतरी कमी होतं. पंखा बंद पडल्यावर आधी कळत नाही, नुसतं चुकल्यासारखं वाटतं, तसं काहीसं. काय ते बाईंना उमगेना.

"काका, दुपारी दार लावून काय करता?"

सफरचंद मांडीवर आलं.

"मिस्त्रीला पाव भरवतो," ते म्हणाले. सुतारआजोबांना ते मिस्त्री म्हणत. "दुधात भिजवून. माझ्याच वाटणीचं दूध असतं, कोणाचं चोरलेलं नाही."

"आणि ते खातात?"

"खायचा. चिमणीच्या पिलासारखा आ करायचा."

"अहो, मग हे सांगितलं का नाही कोणाला? तो माणूस मरायला टेकलाय! संध्याकाळी त्याचा निकाल लागणारे!"

"एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला भरवायचं नाही असा इथला नियम आहे, बाई. ठसका लागला तर जबाबदारी कोणाची? मला काढून टाकतील. मला तर कोणी घेऊन जाणारंही नाही." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "झटका येण्याआधी त्याने माझं डुगडुगणारं टेबल नीट करून दिलं होतं. मी पाय धरून बसलो होतो आणि तो घासत होता. रात्री दिवा मालवला की दोघं जुन्या बाजारातल्या गमती सांगायचो. असा दोस्त मला बसमध्ये लाखो माणसं चढली-उतरली त्यांत मिळाला नाही."

मुलगी जिन्यातून ऐकत होती. ती धावतच पुढे आली. "म्हणजे बाबा खातात? काका, म्हणजे त्यांना जगायचंय?"

काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खात होता, पोरी," ते म्हणाले. "परवापासून माझ्याकडूनही घेत नाही."

४

बाईंनी मुलीला खाली पाठवलं नाही. दोघी सुतारआजोबांच्या खाटेशी बसल्या. आता जेवणाची वेळ झाली होती आणि जे काय घडतं ते बाईंना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ऐकीव गोष्टींनी आज त्यांचं डोकं भणाणलं होतं. खाणारा माणूस खात नाही, न खाणारा माणूस दुपारी खातो, आणि परवापासून तेही थांबतं. नकार असा वेळ बघून येतो का?

मावशी आल्या. त्यांच्या हातात ताट नव्हतं, नुसती स्टीलची झाकणाची वाटी होती.

सुतारआजोबांनी वाटी पाहिली आणि ओठ आवळले. मान भिंतीकडे वळवली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर उतरलं.

अन्न अजून खोलीत आलेलंही नव्हतं!

"थांबा मावशी," बाई म्हणाल्या. "वाटी तिथेच ठेवा."

त्यांनी आपला हात पुढे केला. आजोबांनी बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं. मग डाव्या हाताने बाईंचा अंगठा धरला, खाटेच्या लाकडी काठावर टेकवला आणि हळूहळू पुढे नेला. एका ठिकाणी काठाचा पापुद्रा निघालेला होता. तिथे आणून त्यांनी अंगठा दाबला. बोचलं. आजोबांनी बाईंच्या डोळ्यांत पाहिलं, अंगठा सोडला आणि हवेत हात चालवायला लागले. मागेपुढे, मागेपुढे.

मग बोट स्वतःच्या ओठांकडे नेलं.

बाईंनी वाटीचं झाकण काढलं, पाण्यातली कवळी उचलली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. टाळूला लागणाऱ्या बाजूला एक टवका उडालेला होता. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला.

"दुकानात नाहीत हो ते," बाई म्हणाल्या. "इथेच आहेत. इतके दिवस सांगतायत आपल्याला. इथे कूस निघालीय, बोचतंय, घासून द्या. आणि आपण म्हणतोय, छान झालंय कपाट."



मुलीने बॅटरी धरली. बापाने तिच्यासाठी तोंड उघडलं, भीत भीत. टाळूवर लांब जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या, आत पू. परवापासून दुधातला पाव का थांबला ते आता विचारायची गरज उरली नव्हती. जखम चिघळल्यावर दूधही झोंबत असणार.

मुलीने बॅटरी बंद केली आणि कवळी हातात घेतली. बराच वेळ तिने ती उलटसुलट करून पाहिली. रडेल असं बाईंना वाटलं होतं. ती रडली नाही, तिच्या कपाळावर आठी पडली.

"बाई, ही बाबांची नाही."

"काय?"

"कवळी केली त्याच दिवशी बाबांनी घरी आणून बारीक पॉलिश पेपरने कडा घासल्या होत्या. दाताचे डॉक्टर केवढे चिडले होते! बाबा म्हणाले, माझ्या हातून खरखरीत वस्तू कोणाच्या घरी गेली नाही, मग माझ्या तोंडात कशी जाईल?" तिने कवळी वाटीत टाकली. "त्यांची काचेसारखी गुळगुळीत आहे. ही दुसऱ्या कोणाचीतरी आहे."

मावशी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. "पाहुणे यायचे होते त्या दिवशी," त्या पुटपुटल्या. "सगळ्यांच्या कवळ्या चमकवून ठेवा असा हुकूम होता. एकेक वाटी करत बसायला वेळ कुठला? मी सगळ्या एका टबात भिजवल्या. मग ज्याची त्याला विचारून दिली. ज्यांना बोलता येतं त्यांनी आपापली उचलली. या खोलीत आले तेव्हा दोनच उरल्या होत्या."

"आणि आजोबांना तर बोलता येत नव्हतं," बाई सावकाश म्हणाल्या.

त्या उठल्या. कंडक्टरकाकांच्या बोलण्यात काय कमी होतं ते त्यांना आता कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

५

"काका," बाई व्हरांड्यात येऊन म्हणाल्या, "तुमची शिट्टी कुठे गेली?"

कंडक्टरकाका अजून तिथेच बसले होते. सफरचंद मांडीवर तपकिरी पडलं होतं.

"बोलताना तुमच्या दातांतून बारीक शिट्टी वाजायची. कंडक्टरची शिट्टी तोंडातच बसवलीय म्हणून तुम्हीच हसायचा. कवळीला टवका होता, त्यातून वारा जायचा. गेल्या खेपेला तुम्ही माझ्यासमोर सूपसुद्धा कण्हत पीत होतात. आज सफरचंद चावताय."

काकांनी काहीच नाकबूल केलं नाही. नाकबूल केलं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं. खोटं बोलणाऱ्या माणसावर रागावता येतं.

"पहिल्या दिवशी शप्पथ कळलं नाही," ते म्हणाले. "मावशी म्हणाली, यातली तुमची कोणती? मी एक उचलली. कवळी चिकटवायची पावडर लावून बसवली, आणि बाई, दुखलं नाही. किती दिवसांनी दुखलं नाही! वाटलं, धुतल्यामुळे नीट बसली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. पाहुण्यांसमोर गाणंसुद्धा म्हटलं."

"आणि कळलं केव्हा?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. मिस्त्रीने ती तोंडातून काढली आणि अंगठा फिरवून पाहिली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. त्याला तेव्हाच कळलं होतं, बाई. तो बोलू शकत नव्हता आणि मी बोललो नाही."

"का?"

"माझी परत घालावी लागली असती म्हणून. ती घालून मी दोन वर्षं काढलीत. मॅडमना सांगितलं, म्हणाल्या, दाताचे डॉक्टर येतील तेव्हा बघू. डॉक्टर आले, म्हणाले, या वयात थोडं चालायचंच. पुन्हा सांगितलं तर म्हणाल्या, तुमच्या तोंडाला काही खीळ बसत नाही, म्हणजे फार दुखत नसणार. मी विनोद करतो ना! विनोद करणाऱ्याचं काही दुखत नाही, असं सगळ्यांना वाटतं."

त्यांनी सफरचंद कठड्यावर ठेवलं.

"रोज म्हणायचो, उद्या सांगू. आणखी एक जेवण, मग सांगू. दुपारी त्याची कवळी काढलेली असायची, तेव्हा पाव भरवायचो. वाटायचं, त्याचंही पोट भरतंय, माझंही भरतंय, काय बिघडलं? मग सगळे म्हणायला लागले की त्याला जगायचंच नाही. मॅडम म्हणाल्या, डॉक्टर म्हणाले. एवढी शिकलेली माणसं म्हणतात तर असेलही, असं मी स्वतःला पटवलं. तेच सोयीचं होतं मला."

बाईंनी आजवर अनेक चोर पाहिले होते. औषधं चोरणारे, उबदार कपडे चोरणारे, म्हाताऱ्यांच्या बोटांतल्या अंगठ्या काढून नेणारे. या चोराने मित्राचे दात चोरले होते, आणि त्याच मित्राला आपल्या वाटणीचं दूध पाजलं होतं. त्याला कोणत्या रांगेत उभं करायचं ते त्यांना कळेना.

मागे मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मला कोणी सांगितलंच नाही..." त्यांनी सुरुवात केली.

"एकाने तोंडाने सांगितलं, एकाने हाताने सांगितलं," बाई म्हणाल्या. "आणखी कसं सांगायचं असतं?"

मॅडमचेही डोळे लाल झाले होते, पण बाईंना आज त्यांची समजूत घालायची नव्हती.

६

कंडक्टरकाकांनी खोलीत येऊन कवळी काढली. एका क्षणात त्यांचा चेहरा आत बसला, दहा वर्षांनी म्हातारा झाला. त्यांनी ती साबणाने धुतली, पुन्हा धुतली, टॉवेलने पुसली आणि मित्राच्या डाव्या तळहातावर ठेवली.

सुतारआजोबांनी अंगठा कडेवरून फिरवला. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठेही अडलं नाही. ज्या हाताने इतके दिवस हवा घासली होती तो हात थांबला. कवळी त्यांनी छातीशी धरली आणि स्वतःहून तोंड उघडलं.

"बाबा!" मुलगी एवढंच म्हणाली.

जखम भरेपर्यंत कवळी बसवणं शक्यच नव्हतं. तिने पाव दुधात भिजवून, पार लगदा करून, चमच्याच्या टोकावर घेतला. तो गिळताना आजोबांचा सगळा चेहरा वेदनेने गोळा झाला. तरी त्यांनी गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. मावशी दाराआड उभ्या राहून हमसून हमसून रडत होत्या.

काका भिंतीला चिकटून उभे होते. निघून जावं तर पाय उचलत नव्हते.

तिसऱ्या-चौथ्या घासानंतर आजोबांनी मुलीचा हात बाजूला सारला. मॅडम पटकन म्हणाल्या, "बघा, पुरे म्हणतायत." बाईंनी हातानेच त्यांना गप्प केलं. या माणसाच्या हाताचा अर्थ इतक्या घाईने लावायचा नाही, एवढं तरी आज सगळ्यांनी शिकायला हवं होतं.

आजोबांनी डाव्या हाताने पावाचा तुकडा मोडला. वाटीतल्या दुधात बुडवला. दूध मनगटावरून ओघळलं, चादरीवर सांडलं. तो थरथरता तुकडा त्यांनी उचलला आणि भिंतीकडे धरला. त्या बोळक्या तोंडाकडे.

काका जागचे हलले नाहीत. हात तसाच हवेत राहिला, खाली आला, पुन्हा वर गेला. शेवटी काका पुढे झाले, खाटेपाशी वाकले आणि त्यांनी आ केला. घास तोंडात गेला. पण गिळता येईना. तो तोंडात धरून तो बोलका माणूस लहान मुलासारखा रडत राहिला, आणि सुतारआजोबा त्याच्या गालावरून अंगठा फिरवत राहिले.

७

संध्याकाळी डॉक्टरांना मुलीने उत्तर दिलं. नळी नको, हात बांधणं नको. जखमेवर औषध द्या आणि आम्ही भरवू. डॉक्टरांनी जखम पाहिली, मान खाली घातली आणि म्हणाले की आधी बघायला हवं होतं.

उशीरच झाला होता. जखम भरली, पण अंगात काही उरलं नव्हतं, छातीत कफ साठला. तेवढ्या दिवसांत मुलगी रोज कामावरून थेट आश्रमात यायची. शेवटच्या सकाळी आजोबांनी आपली कवळी घालून अर्धं बिस्किट चावून खाल्लं, आणि दुपारी ते गेले.

"उपाशी नाही गेले," मुलगी बाईंना म्हणाली. हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी जर त्या दिवशी नुसतं नाही म्हणून टाकलं असतं... त्यांचा हक्क आहे म्हणून..."

"तसं नाही केलंत ना. झालं तर."

"काकांना बाबांनी माफ केलं असेल," सामान बांधता बांधता ती म्हणाली. "मी नाही केलं. मला जमेल असं वाटत नाही." दुसऱ्या खाटेकडे न बघता ती निघून गेली, आणि बाईंना तिचं काही चुकलं असं वाटलं नाही.

बाईंनी वरपर्यंत भांडण नेलं. प्रत्येकाच्या कवळीवर खूण आली, मावशींच्या मदतीला आणखी एक बाई आली, फलक खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर उतरला. मॅडमनी स्वतः दाताच्या डॉक्टरांना आणलं आणि कंडक्टरकाकांचं नवीन माप घ्यायला लावलं.

पुढच्या खेपेला बाई आल्या तेव्हा काका खोलीत एकटेच होते. समोर न डुगडुगणारं टेबल, त्यावर दूध आणि पाव. शेजारच्या वाटीत नवी कोरी कवळी पाण्यात पडून होती. त्यांनी ती एकदाच घातली होती, असं मावशींनी जिन्यातच सांगितलं होतं.

"काका, आ करा."

त्यांनी केला. बाईंनी बॅटरी धरून टाळू पाहिला, हिरड्या पाहिल्या. कुठे लालीसुद्धा नव्हती. मग कवळी उचलून तिच्या सगळ्या कडेवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत होती.

"बसत नाही का?"

"झकास बसते."

"बोचते?"

"नाही हो. फार चांगली केलीय."

"कोणी काही बोललं? कोणाची भीती वाटते?"

"नाही."

"मग?"

काकांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिच्यावर अजून कोणी आलं नव्हतं, आणि काठाचा तो पापुद्रा कोणीतरी घासून साफ केला होता.

"नको," ते म्हणाले. "मला नको, बाई."

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. शोधायचं तेवढं सगळं शोधून झालं होतं. हा नकारच होता, आणि तो देण्याचा या माणसाला हक्क होता. त्यांनी कवळी परत पाण्यात ठेवली, वाटीवर झाकण घातलं आणि खुर्ची ओढून त्यांच्यासाठी पाव दुधात भिजवायला घेतला.